शेवंतीचा काळोख

"दोन मिनिटं उभी राहा ना तिथे, हर्षू."

पुंडलिक लांजेवारांनी फरशीवर पांढऱ्या पट्टीची फुली चिकटवली होती आणि ते तिच्याकडे बोट दाखवत होते. ऑगस्टमधला शेवटचा रविवार. हर्षदा दारातच उभी होती, खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नव्हती. महिन्यातून दोन रविवार ती वडिलांकडे यायची. येताना औषधं आणि एखादं पुस्तक आणायची, जाताना मागच्या वेळचं न वाचलेलं पुस्तक परत न्यायची.

"कशाला?"

"लाल लाइट लावून पाहायचा आहे. मोतीबिंदू काढल्यापासून मला सगळंच चकचकीत दिसून राहिलं. तू उभी राहा अन् फक्त सांग, डोळ्यात जातो का."

"झाडांना डोळे नसतात, बाबा."

"झाडांना नसतात. झाडं पाहायला येणाऱ्याला असतात."

ती हसली नाही. पाठ्यपुस्तकांची प्रुफं तपासणं हा तिचा व्यवसाय होता, आणि इयत्ता सहावीचा भूगोल उद्या सकाळी द्यायचा होता. "पुढच्या वेळी," ती म्हणाली.

"पुढच्या वेळी तर पुढच्या वेळी. पट्टी काढत नाही मग." ते खाली वाकले आणि फुलीचं एक सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बसवलं. "चहा?"

"नको. उशीर होईल."

दार ओढून घेताना तिला आतून त्यांची शीळ ऐकू आली. कुठल्याशा नाटकातल्या गाण्याची चाल होती; पहिली ओळ यायची, दुसरीला नेहमी सूर सुटायचा. लिफ्ट लवकर आली. एवढाच तो दिवस. पुढे तिने तो पुष्कळदा उलटून पाहिला, पण त्यात याहून जास्त काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडांपाशी स्टुलावर बसले ते पुंडलिकभाऊ उठले नाहीत.

*

चाळीस वर्षं त्यांनी पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकांना उजेड दिला. वडशाहून नाटक कंपनीचा टेम्पो निघायचा, धान कापलेल्या बांधीत मंडप पडायचा, आणि दिवेलागणीला लाइट लावून पाहायची वेळ व्हायची. त्या वेळी नटमंडळी जेवत किंवा झोपलेली असत. पण रिकाम्या रंगमंचावर लाइट लावता येत नाही, माणसाच्या चेहऱ्यावर तो कसा पडतो ते पाहावं लागतं. म्हणून कोणीतरी उभं राहायचं. सुटीच्या दिवसांत ते कोणीतरी म्हणजे हर्षदा.

सात वर्षांची असल्यापासून ती बेबीताईंच्या जागेवर उभी राहायची. बेबीताई म्हणजे कंपनीची नायिका. त्यांची उंची गाठायला हर्षदाच्या पायाखाली खोकं ठेवत. समोरच्या अंधारातून बाबांचा आवाज यायचा, "मान वर. उजवीकडे. डोळ्यात जातो का?"

"नाही," ती म्हणायची.

"बघ हं. जातो का?"

"नाही जात."

अंधारातला तो माणूस तिला कधी दिसायचा नाही, आणि तोही आपल्याकडे पाहत नाही, फक्त आपल्यावरच्या लाइटकडे पाहतो, असं हळूहळू तिच्या मनाने घेतलं. सोळाव्या वर्षी एकदा तिने सगळ्यांदेखत खोक्यावरून उडी मारली. "मी काय खांब आहे का तुमचा?" त्यानंतर एकोणीस वर्षं त्यांनी तिला कुठेही उभं राहायला सांगितलं नाही.

त्या रविवारपर्यंत.

*

त्या काळात नागपुरात रात्र उरली नव्हती. रस्ते पहाटेपर्यंत दुपारसारखे जळत, मनोऱ्यांच्या भिंती स्वतःच उजळत आणि त्यांच्यावर जाहिरातींची आकाशयानं तरंगत. याचा पहिला फटका बसला शेवंतीला. शेवंती ऊन मोजत नाही, रात्र मोजते. तिच्या पानात एक रंगद्रव्य असतं. सूर्य मावळला की ते हळूहळू आपलं रूप बदलू लागतं आणि तेरा तास अखंड काळोख मिळाला तर झाडाला समजतं की हिवाळा आला, आता फुलायला हवं. मध्येच मिनिटभर जरी उजेड पडला तरी ते पहिल्या रूपात परत जातं आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. शहरांतल्या, हमरस्त्यांलगतच्या शेवंत्या वर्षानुवर्षं अशा मोजत राहिल्या आणि नुसत्या हिरव्या राहून एकेक करून संपल्या. वडशाला बेबीताईंच्या अंगणात तांबूस कडांची एक पिवळी शेवंती होती. दर भाऊबीजेला, हंगामाच्या पहिल्या प्रयोगाआधी, रंगमंचाची पूजा तिच्याच फुलांनी होत असे. तिच्याही अंगणावर हमरस्त्याचा दिवा आला. तेव्हा पुंडलिकभाऊंनी तिच्या अकरा फांद्या तोडून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि सातव्या मजल्यावरच्या आपल्या मागच्या खोलीत आणून लावल्या. ते वाण आता जगात त्या एकाच खोलीत होतं.

त्या खोलीच्या एका भिंतीवर पडदा होता. तो बनवणाऱ्या कंपनीने त्याला मोठं नाव दिलं होतं, पण पुंडलिकभाऊ त्याला पडदाच म्हणत. बारा हजार दिव्यांचे मणी, आणि प्रत्येक मण्याला डोळ्याच्या बाहुलीसारखं फिरणारं भिंग. समोरच्या भिंतीशी झाडांच्या चार पायऱ्या. पडद्याची करामत अशी की तो नुसता उजेड देत नसे, उत्तरही ऐकत असे. पान उजेड खातं, पण सगळा त्याला पचत नाही. न पचलेल्यातला थोडासा ते गडद तांबड्या रंगात परत टाकतं. ही चमक इतकी मंद असते की माणसाला दिसत नाही, पण पडदा ती वाचायचा आणि कोणत्या पानाला कोणता उजेड रुचला ते लक्षात ठेवायचा.

"हजार-हजार स्पॉट आहेत याच्यात," पुंडलिकभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "पण अक्कल नाही. अंक कोणता चालू आहे ते आपण सांगावं लागते. पहिला अंक, फांदीला मुळं फुटून राहिली. तिला मऊ, निळसर, थोडा लाइट. जास्त दिला तर भाजते. नुसता लाल दिला तर उगाच उंच होते अन् मान टाकते. दुसरा अंक, वाढ. भरपूर पांढरा, त्याच्यात निळा मुरलेला, सोळा तास. तिसरा अंक फुलाचा. तिथे लाल हवा. पण लोक इथेच चुकतात, बापा! फुलासाठी महागाचा दिवा आणतात. शेवंतीला दिवा नाही लागत, वेळेवर बंद करणारा माणूस लागते."

हे सगळं त्यांनी नाटकाच्या वहीसारखं एका वहीत क्यू म्हणून, म्हणजे लाइट बदलायच्या खुणा म्हणून, लिहून ठेवलं होतं. क्यू एक ते क्यू नऊ.

*

तेरावं झाल्यावर हर्षदा घर आवरायला म्हणून आली आणि राहिली. दुसऱ्या सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती मागच्या खोलीच्या दारात आली, तेव्हा झाडांवरून बाबा चालत होते.

माणूस नव्हता, सावली होती. कडा विरघळलेली, पाण्यात पडल्यासारखी. डावीकडून ती आत आली, पहिल्या पायरीपाशी थांबली, हात लांब करून पानांवरून फिरवला. खांदे तेच, उजवा जरासा उतरलेला. दुसरी पायरी, तिसरी. मग सावली वळली, कपाळावर आडवा हात धरला आणि खोलीच्या मध्यभागी, फरशीवर पांढरी फुली होती तिकडे पाहत राहिली. सात मिनिटांनी ती उजवीकडून निघून गेली. खोलीत फक्त पांढरा उजेड उरला.

हर्षदाने दाराची चौकट धरून ठेवली होती. ती सोडायला तिला बराच वेळ लागला.

पडद्याची देखभाल करणारा इम्रान त्याच दिवशी दुपारी आला. पुंडलिकभाऊंशी त्याचं चांगलं जमायचं. त्याने नोंदी पाहिल्या आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"भूत नाही, ताई. सवय आहे. काका दोन वर्षं रोज याच वेळी पडदा आणि झाडांच्या मधून फिरले. त्यांच्या सावलीत पानं तेवढा वेळ विसावायची. पडद्याला वाटलं, हा उजेड-पाठाचाच, त्याने शिकलेल्या रोजच्या क्रमाचाच भाग आहे. काका गेल्यावर पानांना नेहमीपेक्षा जास्त उजेड मिळायला लागला, म्हणून तो आता मणी मंद करून ती कमतरता स्वतः भरतो. पान न् पान ठाऊक आहे ना त्याला."

"म्हणजे तो त्यांची नक्कल करतो."

"नक्कल नाही म्हणता येणार. त्याला काका कोण ते माहीतच नाही. त्याला फक्त त्यांची जागा माहीत आहे. एक दिवस मात्र त्याने सोडून दिलाय. शेवटचा. चार तास एक सावली हललीच नाही. ती त्याने बिघाड म्हणून वगळली."

हर्षदाने त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला. "साखर कमी आहे का बघा," ती म्हणाली.

जाताना इम्रान वहीकडे पाहून बोलला, "नववा क्यू दहा सप्टेंबरचा होता, ताई. आज नऊ झाली. तिसऱ्या अंकावर टाकायचं तर उद्या टाका."

"टाकलं की?"

"वाढीचा पाठ बंद. नव्या अंकाला कोरी पाटी." पुढचं बोलायला त्याला जड गेलं. "सावली पण."

"जपून नाही ठेवता येणार?"

"आकडे ठेवीन की. पण ती पानं, त्यांच्या त्या जागा, त्यांचं ते उत्तर, हे नसलं तर आकडे भिंतीवर नुसते मिचमिचतात."

*

दहा तारखेला तिने काही केलं नाही. अकरालाही नाही.

सहा वाजता उठायचं, तोंड धुवायचं, केस विंचरायचे आणि दारात येऊन उभं राहायचं, असा तिचा क्रम बसला. एकदा तिने फोनवर ते टिपून पाहिलं. फोनमध्ये नुसत्या काळ्यापांढऱ्या रेघा आल्या, कारण मणी सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकत आणि फोनचा डोळा त्या घाईला पुरा पडत नसे. एकदा धीर करून ती आत गेली. सावलीच्या वाटेत, पडद्याच्या अगदी समोर उभी राहिली. तिची स्वतःची सावली पानांवर पडली, पडद्याला वाटलं आज माणूस आला आहे, आणि त्याने बाबांना पाठवलंच नाही. सात मिनिटं ती एकटीच तिथे उभी होती.

त्यानंतर तिने उंबरठा ओलांडला नाही. बाबांकडे पाहायचं तर आपण प्रकाशात जायचं नाही, हे तिला कळलं. बाबा चाळीस वर्षं याच बाजूला बसले होते.

शेवंती मात्र वाढत होती. भलतीच. सोळा तासांच्या दिवसात तिला कोणी थांबायला सांगत नव्हतं. शेंडे पायऱ्यांच्या वर गेले, खालची पानं पिवळी पडू लागली, दोन झाडं स्वतःच्या भाराने कलंडली. रोज सकाळी सावलीचा हात जिथे फिरायचा, तिथे आता पानंच राहिली नव्हती, दांडे होते. सोळा तारखेला सावलीचं बोट तुटक दिसलं. हर्षदाला वाटलं आपल्याच डोळ्यांत काही गेलं असेल. सतराला कोपर नव्हतं.

त्या दुपारी वडशाहून बेबीताईंचा फोन आला. वय चौऱ्याहत्तर, अजून नाटकात आईची कामं करायच्या.

"काय करून राहिली, पोरी? फुलं धरली का?"

"धरतील."

"धरतील म्हणजे? आठ आठवडे लागतात, तुझा बाप बोटावर मोजून सांगत होता मले. आज सतरा. भाऊबीज पंधरा नोव्हेंबरची. तुले हिशोब येते का मी शिकवू?"

हर्षदाने, का कोण जाणे, सगळं सांगितलं. सावली, सहा वाजून दहा मिनिटं, कोरी पाटी. सांगताना ती प्रुफं वाचून दाखवावीत तसं एका सुरात बोलली.

पलीकडे बेबीताईंनी पंखा बंद केला.

"अवो माय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं तो माणूस कधी स्वतःच्या लाइटात आला नाही. पूजेच्या फोटोत पण नाई यायचा. म्हणे, लाइटवाल्यानं दिसू नये. अन् आता एवढा दिसून राहिला?" त्या हसल्या की रडल्या ते फोनवर कळलं नाही. "तुले एक विचारतो. माह्यावरचा लाइट तुले कसा आठवते?"

"कसा म्हणजे?"

"कमी होता! सगळ्या हंगामात लोकं ओरडायची, बेबीताईचं तोंड दिसत नाई म्हणून. मी भांडली होती त्याच्याशी. म्हटलं, माह्या पैशानं दुसरा दिवा आण. तर म्हणते कसा, ताई, माझी पोरगी खोटं बोलते. डोळ्यात जाते का विचारलं की नाही म्हणते, अन् डोळ्यातून पाणी चालू. मग मी तिचं पाणी थांबेपर्यंत लाइट उतरवतो अन् तिथं खूण करतो. अन् तू पक्की नटी, तुले तेवढा पुरते." बेबीताईंनी श्वास घेतला. "तुह्या मापाचा लाइट घेऊन मी नऊ वर्षं नायिका केली, पोरी. मले वाटलं तुले ठाऊक असन."

हर्षदाच्या हातात फोन तसाच राहिला. खिडकीबाहेर एक जाहिरात हळूहळू आकाशातून सरकत होती, तिचा गुलाबी उजेड भिंतीवर आला आणि गेला.

"ऐकते आहेस ना?"

"हो."

"मग मेलेल्या माणसाची सावली धरून झाड मारू नको. तो असता तर तुले खोक्यावरून खाली ओढलं असतं."

*

अठरा तारखेच्या सकाळी ती अर्धा तास आधीच दारात आली. सावली सहा वाजून दहाला आली, जागोजागी विरलेली, जुनं धोतर विरावं तशी. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. मग ती वळली आणि कपाळावर हात धरून फुलीकडे पाहू लागली. हर्षदाला आत्ता कळलं की त्या हाताचा अर्थ काय. रंगमंचावरून अंधारात पाहताना माणसं असा हात धरतात. अंधारातून रंगमंचाकडे पाहणाऱ्याला त्याची गरज नसते. दोन वर्षं रोज बाबा उजेडाच्या बाजूला उभे राहून, तिथून कसं दिसत असेल ते पाहत होते. खोक्यावरून तिला कसं दिसलं असेल ते.

सावली उजवीकडे गेली. हर्षदाने घड्याळ पाहिलं नाही.

दिवसभर तिने शेंडे खुडले, कलंडलेल्या झाडांना काड्या लावल्या, पिवळी पानं काढली. अकरापैकी नऊ तगणार होती. खिडकीला जाड काळं कापड ठोकलं, दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली. इम्रानने फोनवर दोनदा बजावलं, काळोख पडला की दार उघडायचं नाही, आठवण आली तरी नाही, उद्या सकाळी सहाशिवाय नाही. "शेवंती माफ करत नाही, ताई."

पावणेपाचला ती वही घेऊन पडद्यापुढे बसली. शेवटच्या पानावर बाबांचं तिरकं अक्षर होतं.

क्यू ९. पांढरा उतरवणे. लाल वर, हळू, साठ मोजून. हर्षू उभी. विचारणे. मग काळोख.

पडद्याने विचारलं, वाढीचा पाठ बंद करायचा का. तिने होकार दाबला. त्याने पुन्हा विचारलं, कारण यंत्रं दोनदा विचारतात. तिने पुन्हा होकार दाबला.

पांढरा उजेड ओसरू लागला, भरती उतरावी तसा, भिंतीवरून, पायऱ्यांवरून, फरशीवरून. खालून लाल वर येऊ लागला. आधी राखेतल्या निखाऱ्याएवढा, मग पिकल्या डाळिंबाएवढा. झाडं काळी दिसू लागली, कारण लाल उजेडात हिरवं काळंच दिसतं, आणि त्या काळ्यात प्रत्येक पान समोर तोंड करून उभं असल्यासारखं वाटत होतं. भरलेल्या मंडपासारखं.

ती उठली. चपला काढल्या. फुलीवर जाऊन उभी राहिली आणि पडद्याकडे तोंड केलं. फुलीचं ते एक टोक पुन्हा सुटलं होतं, तिने पायाच्या अंगठ्याने ते दाबलं. मान वर घेतली. थोडी उजवीकडे.

लाल भरत आला. बारा हजार मण्यांनी तिला शोधलं, ते पान नव्हे हे त्यांना कळलं नाही, आणि ते तिच्या चेहऱ्यावर येऊन स्थिर झाले. एकावन्न, बावन्न. डोळे चुरचुरले. ती हलली नाही. लहानपणी थांबायची तशी ती प्रश्नासाठी थांबली. साठ झाले. प्रश्न आला नाही.

"हो, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. खोली लहान होती, आवाज लगेच परत आला. "डोळ्यात जातो. तेव्हाही जायचा. हो म्हटलं असतं तर तुम्ही मला खाली उतरवलं असतं, आणि मला तुमच्यासमोरून हलायचं नव्हतं."